बार नाही, बेस आहे!

दारूबंदीच्या जिल्ह्यात डान्स म्युझिक शोधायला कोण जातं? आम्ही गेलो. आणि चरख्याच्या गावाशेजारी मराठी 'हाऊस'चा पत्ता सापडला, तोही थेट एका डीजे गाडीच्या मागे.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा वाजले की ऑफिसच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, 'आज कुठे?' कुणी बाणेर म्हणतं, कुणी कोरेगाव पार्क. मुंबईकर असाल तर लोअर परळ नाहीतर अंधेरी. जागा बदलते, पॅकेज तेच. दारावर बाउन्सर, मनगटावर शिक्का, आत अंधार, कोपऱ्यात बार आणि समोर डीजे. नाचायचं म्हणजे हे सगळं आलंच, असं आपण धरूनच चालतो. डान्स म्युझिक आणि बार ही जोडी आपल्या डोक्यात वडा आणि पावाइतकी फिट्ट बसली आहे.

आता ही जोडी फोडून बघा. एक आख्खा जिल्हा असा, की जिथे कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. पब नाही, लाउंज नाही, 'लेडीज नाइट' नाही. मग तिथली पोरं नाचतात कुठे?

'वर्ध्याला चाललेय,' असं मी टीममध्ये जाहीर केलं, तेव्हा शेजारच्या डेस्कवरून लगेच प्रश्न आला, 'सूत कातायला?' हशा. वर्धा म्हटलं की आपल्यापुढे चरखा, खादी, शाळेतला धडा आणि दोन ऑक्टोबर एवढंच येतं. माझ्या जाण्याचं कारण साधं होतं. टीममधल्या मैत्रिणीचं लग्न, वर्धा शहरापासून अर्ध्या तासावरच्या तिच्या गावी, एप्रिल २०२५ च्या शेवटी, अक्षय्य तृतीयेच्या दणदणीत मुहूर्ताच्या सुमारास. पण बॅगेत आहेरासोबत एक कुतूहलही होतं. कित्येक महिने माझ्या हेडफोनवर एक मराठी गाणं ठाण मांडून बसलं होतं. ते महाराष्ट्रात नेमकं कुठवर पोचलंय, हे मला बघायचं होतं.

मराठी 'हाऊस'फुल्ल!

ते गाणं म्हणजे 'तांबडी चामडी'. निर्माता क्रेटेक्स, म्हणजेच क्रुणाल घोरपडे, आणि सोबत रॅपर श्रेयस सागवेकर. २०२४ मध्ये हे गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर आलं. डान्स म्युझिकच्या दुनियेत या लेबलचं वजन केवढं, तर २०१३ साली मार्टिन गॅरिक्सचं 'अ‍ॅनिमल्स' इथूनच जगभर गेलं होतं. अशा ठिकाणी मराठीतलं पहिलं गाणं म्हणून 'तांबडी चामडी'चा बोलबाला झाला. रील्सवर तर एक काळ असा होता की अंगठा कुठेही थांबवा, हेच वाजायचं. क्रेटेक्सने आपल्या या प्रकाराला नावही दिलंय, 'एम-हाऊस'. एम फॉर मराठी, बॉस!

हाऊस म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. चार मात्रांच्या चौकटीत चार सारखे ठोके, धम् धम् धम् धम्, मिनिटाला साधारण १२० ते १३०. त्यावर बेस, त्यावर एखादी सुरावट, आणि अधूनमधून सगळं थांबवून पुन्हा दणक्यात सुरू करायचं, तो 'ड्रॉप'. हे जन्माला आलं अमेरिकेतल्या शिकागोत, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. वेअरहाऊस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स हा डीजे जुन्या रेकॉर्ड्स कापून, जोडून, लांबवून वाजवायचा. या क्लबच्या नावावरूनच 'हाऊस' हे नाव पडलं. तिथे नाचणारी मंडळी बहुतेक कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी. शहराने बाजूला सारलेल्या लोकांचं हे नाचगाणं होतं.

पुढे हे म्युझिक जिथे गेलं तिथली भाषा बोलू लागलं. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात पोरांनी हाऊसचा वेग कमी केला, वर आपल्या बोलीतले बोल टाकले आणि 'क्वाइटो' तयार झालं. नंतर तिथल्याच वस्त्यांमधून 'अमापियानो' आलं, आणि ते आधी पसरलं मोबाइलवरून आणि टॅक्सीतल्या स्पीकरवरून.

मग मराठीला काय झालं? उलट आपली भाषा या कामासाठी एकदम तयार आहे. लखलख, झगमग, धडधड, खळखळ, चुरचुर... आपल्याकडे शब्दच ताल घेऊन येतात. लेझीमचे चार ठोके शाळेच्या ग्राउंडवर आपण सगळ्यांनी मोजलेत. ताशाच्या कडकडाटावर आपल्या खांद्यांना आपोआप काय होतं, ते सांगायला नको. 'तांबडी चामडी'त हेच जमून आलंय. बोल टाळीसारखे पडतात, अर्थ मागाहून पोचतो.

आणि अर्थ तरी कसला! उन्हात तांबूस झालेल्या कातडीचा अभिमान. गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती बघत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हे एसी कॅबमध्ये ऐकताना गंमत वाटते. पण वर्ध्याच्या स्टेशनबाहेर सकाळी दहा वाजता उभं राहिलं, की त्यातली थट्टा विरघळते. एप्रिलच्या शेवटी इथलं ऊन अंगावर पडत नाही, अंगावर बसतं. हा कापसाचा आणि सोयाबीनचा प्रदेश. तांबडी चामडी इथे कुणी फॅशन म्हणून मिरवत नाही, ती रोज शेतातून घरी येते.

आधी शांतता, मग खंजिरी

लग्न संध्याकाळचं होतं. सकाळ मोकळी. मग रिक्षा पकडली आणि आठेक किलोमीटरवरचं सेवाग्राम गाठलं. गांधीजी इथे राहायला आले तेही एप्रिलच्या शेवटीच, ३० एप्रिल १९३६ रोजी. तेव्हा गावाचं नाव होतं सेगाव. संत गजानन महाराजांच्या शेगावाशी टपालाची गल्लत व्हायला लागली, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं.

आश्रमात शिरलं की पहिल्यांदा काय जाणवतं? आवाज कमी होतो. कुणी 'शांतता राखा' म्हणून दरडावत नाही, तरी आपणच हळू बोलू लागतो. माती, बांबू आणि कौलांची बापू कुटी, गार जमीन, झाडांची सावली. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी थेट संपर्कासाठी बसवून घेतलेला टेलिफोन अजून जपून ठेवलाय. म्हणजे नवं तंत्र इथे वर्ज्य नव्हतं. गांधीजी दर सोमवारी मौन पाळायचे, त्या दिवशी चिठ्ठ्यांवर लिहून बोलायचे. आठवड्याला एक दिवस 'म्यूट'! आपल्याला मीटिंगमध्ये जमत नाही.

पण सेवाग्राम म्हणजे नुसती शांतता, असं समजू नका. १९३६ मध्येच अमरावती जिल्ह्यातला एक तरुण भजनी गांधीजींच्या बोलावण्यावरून इथे आला आणि महिनाभर राहिला. हातात खंजिरी. ते तुकडोजी महाराज, पुढे राष्ट्रसंत म्हणून ओळखले गेले. खंजिरी म्हणजे तळहाताएवढ्या घेराचं, कातडं ताणलेलं छोटं वाद्य, कडेला झांजा. बोटांनी थाप मारली की खालचा जाड ठोका, हलवली की वरची छमछम. कुठल्याही डीजेला विचारा, तो सांगेल की किक आणि हाय-हॅट यांची जोडी म्हणजेच डान्स म्युझिकचा पाया. विदर्भातल्या गावोगावच्या भजनी मंडळांनी ती जोडी हातात धरून कित्येक रात्री जागवल्यात. बार नव्हता, बेस होता.

रस्त्यावरचा डान्स फ्लोअर

संध्याकाळी सात. गावाच्या वेशीवर नवरदेवाची वरात उभी. पुढे घोडा, मागे पब्लिक, आणि त्याच्याही मागे ती, डीजे गाडी! एका पिकअपवर स्पीकरची भिंत रचलेली. खाली बेस, वर टॉप, दोन्ही बाजूंना गरगर फिरणाऱ्या शार्पी लाइट. शेपटाला बांधलेला जनरेटर. आणि या भिंतीच्या मागच्या फटीत, लॅपटॉपच्या उजेडात चेहरा निळा झालेला एक पोट्टा.

इथे डीजेच्या आधी राज्य होतं संदल आणि धुमालचं. मुंबई-कोकणात जशा बँजो पार्ट्या, तशी नागपूरकडे संदल आणि धुमाल. ढोल, ताशे, कीबोर्ड, पॅड आणि कर्णे घेऊन मिरवणुकीत चालणारी ती पथकं. एकेका पथकाचा स्वतःचा ठेका असायचा आणि लोक तो लांबून ओळखायचे. आज अनेक ठिकाणी त्यांच्या जागी लॅपटॉप आलाय, पण ठेका गेलेला नाही. तो लॅपटॉपमध्ये शिरलाय.

हे मला कळलं ते 'तांबडी चामडी' सुरू झाल्यावर. सुरुवात ओळखीची. मग बिल्डअप, टाळ्या, सायरन. मी ड्रॉपसाठी तयार होते, कारण तो कुठे येतो ते मला तोंडपाठ. आणि तिथे भलतंच काहीतरी पडलं! हाऊसच्या चार सरळ ठोक्यांच्या जागी संदलचा तिरका, अडखळत पळणारा ठेका. वेग वाढलेला. बेस इतका खोल, की छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी दार वाजवतंय असं वाटावं. मधेच एका मुलाच्या आवाजात, घोगऱ्या इफेक्टसह, रीमिक्स करणाऱ्याचं टोपणनाव. त्यावर पब्लिकने जी उसळी मारली, ती मी कुठल्याही क्लबमध्ये पाहिलेली नाही.

कोण कोण नाचत होतं? नवरदेवाचे मित्र, ते ठीक. पण त्याची मावशी, दोन वहिन्या, ट्रॅक्टर चालवणारा काका, चौथीतली तीन पोरं आणि नऊवारीतली एक आजी, जिच्या डोक्यावरचा पदर शेवटपर्यंत ढळला नाही. शेजारच्या घरांच्या ओट्यांवरून बायका बघत होत्या, त्यातल्या चौघींना हात धरून ओढलं, त्याही आल्या. माझ्या ऑफिसच्या पार्टीत पंचविशीच्या अलीकडचे आणि चाळिशीच्या पलीकडचे दिसत नाहीत. इथे आठ ते ऐंशी, एकाच ड्रॉपवर.

दारूबंदी आहे म्हणजे जिल्ह्यात थेंबही नाही, असं वर्धेकर स्वतःही म्हणणार नाहीत. चोरट्या दारूच्या बातम्या इथे नव्या नाहीत, आणि वरातीतल्या दोघा-तिघांचे पाय जरा जास्तच सैल होते. पण फ्लोअर त्यांचा नव्हता. तो मावशीचा आणि आजीचा होता. ज्या जागी नाचायला तिकीट, वय आणि ग्लास लागत नाही, तिथे गर्दी बदलते. हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

'गाणं त्याइचं, पब्लिक आपली'

बरोबर दहाच्या ठोक्याला गाडी बंद. पंगतीत आलूवांग्याच्या भाजीवर ताव मारताना तो पोट्टा समोरच बसलेला दिसला. वय बावीस-तेवीस. दिवसा एका दुकानात मोबाइल रिपेअर करतो, रात्री रीमिक्स. नाव छापायचं नाही, ही पहिली अट.

'कावून?' मी त्याच्याच भाषेत विचारलं. तो हसला. 'ताई, गाणं त्याइचं हाय ना. कोणी केस-गिस केली तं? पण पब्लिक तं आपली हाय. पब्लिकले नाचवाचं म्हणजे आपला ठेका टाकाच लागते.'

त्याची शाळा सगळी यूट्यूबवर झाली. सेकंडहँड लॅपटॉप, एफएल स्टुडिओ. हेच ते बेल्जियममध्ये १९९७ साली फ्रूटीलूप्स या नावाने सुरू झालेलं सॉफ्टवेअर, ज्यावर जगभरातल्या पोरांनी आपापल्या बेडरूममध्ये स्टुडिओ उभे केले. गाण्यातून आवाज वेगळा काढायचा, ठेका आपला बसवायचा, आपलं टोपणनाव मधे पेरायचं, आणि फाइल पेनड्राइव्हवरून किंवा टेलिग्रामवरून सोडून द्यायची. 'ते टोपणनाव कायले?' तर म्हणाला, 'तेच तं आपलं आधार कार्ड हाय, ताई!'

या आधार कार्डावर पैसे मात्र मिळत नाहीत. त्याचा रीमिक्स आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत वाजतो, असं तो सांगतो. गाडीवाल्याला सुपारी मिळते, ऑपरेटर म्हणून गेला तर यालाही रात्रीचे काही मिळतात. पण फाइलचे शून्य. यूट्यूबवर टाकली की कॉपीराइटचा दावा येतो आणि ती उडते.

यात कायद्याची गोष्ट मजेशीर आहे. २००० च्या दशकात रीमिक्सचा जो पूर आला होता, आठवतोय? २००२ चा 'कांटा लगा' घराघरात वाजला, तो काळ. मूळ रेकॉर्ड येऊन दोन वर्षं झाली की ठरावीक रॉयल्टी भरून नवी आवृत्ती काढता येईल, अशी सोय तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात होती, आणि कंपन्यांनी तिचा भरपूर वापर केला. २०१२ च्या दुरुस्तीने ती वाट अरुंद झाली. आता पाच वर्षं थांबावं लागतं आणि गाण्यात मोडतोड करायची तर हक्कदाराची परवानगी लागते. दुसरीकडे, लग्नाची वरात आणि लग्नासोबतचे समारंभ यांत रेकॉर्ड वाजवणं हे कायद्याच्या कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने तसं पुन्हा स्पष्टही केलं. म्हणजे वरातीत 'तांबडी चामडी' बिनधास्त वाजवा. पण परवानगीशिवाय केलेला तिचा रीमिक्स स्वतःचा म्हणून विकायला गेलात, तर अडकलात.

हे अन्यायकारक आहे का? क्रेटेक्सच्या बाजूने बघा. स्वतंत्र निर्मात्याकडे त्याच्या ट्रॅकशिवाय असतं काय? तो कुणीही उचलून फोडावा, असं कोण म्हणेल? आणि या पोराच्या बाजूनेही बघा. हे गाणं हॉलंडच्या लेबलवरून हेडफोनमध्ये पोचलं. हेडफोनमधून रस्त्यावर, आजीच्या पावलांपर्यंत, ते यानेच आणलं. जगात अधिकृत रीमिक्सची पद्धत आहेच. लेबल गाण्याचे सुटे भाग देतं, दुसरा निर्माता त्याची नवी आवृत्ती करतो, दोघांची नावं छापली जातात, पैसे ठरतात. मराठी हाऊसला मोठं व्हायचं असेल, तर असे सुटे भाग कधीतरी वर्ध्याच्या मोबाइल दुकानातही पोचायला हवेत.

नाव उशिरा मिळणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या मशीनवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवून एक रेकॉर्ड काढली होती. ती फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा बाजारात आली आणि जगभरच्या डान्स म्युझिकवाल्यांनी डोक्याला हात लावला, कारण शिकागोचं अ‍ॅसिड हाऊस यायच्या कितीतरी आधी त्याच मशीनमधून तसाच आवाज मुंबईत निघाला होता. टाळ्या वाजल्या तेव्हा सिंग सत्तरीला पोचलेले होते. २०१५ मध्ये ते गेले.

पोळ्याची झडती, हाऊसचा ठोका

'मग स्वतःचं गाणं काढ ना,' मी म्हटलं. म्हणायला सोपं. पण त्याने जे ऐकवलं, त्याने माझा जेवणाचा हात थांबला.

विदर्भात पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली 'झडत्या' म्हणतात. एकाने खणखणीत आवाजात यमक जुळवत टोमणे मारायचे, सावकाराला, पुढाऱ्याला, पावसाला, कापसाच्या भावाला. बाकीच्यांनी शेवटी एकसाथ गजर करायचा. आता तुम्हीच सांगा, हा रॅप नाही तर काय? दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन. याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा त्यासाठी प्रसिद्ध आहे. तर या पठ्ठ्याने आपल्या आजोबांना मोबाइलपुढे बसवून स्वतः रचलेली एक झडती म्हणवून घेतली होती आणि खाली हाऊसचे चार ठोके टाकले होते. आजोबांचा आवाज फाटका, ताल मात्र पक्का. गजराच्या जागी ड्रॉप. अडीच मिनिटांचा तुकडा, अर्धवट, पण अंगावर काटा आणणारा. कुणाचंही काही उसनं नाही. ठेका त्याचा, बोल त्याचे, आवाज घरचा.

अडचण एकच, वेळ. चाकणच्या एका गोदामात नोकरी ठरत होती. बारा तासांची शिफ्ट. घरचे म्हणत होते, लॅपटॉप विक आणि गाडीभाड्याला पैसे कर. 'तिकडं गेलो तं हे कवा करू, ताई? अन् नाई गेलो तं खाऊ काय?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणाकडेच नसेल.

आकडेही त्याच्या बाजूने नाहीत. आज कुणीही थोड्या पैशांत आपलं गाणं जगभरच्या अ‍ॅपवर चढवू शकतं, हे खरं. पण २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याचा हिशेबच सुरू होत नाही. ज्याचा रीमिक्स एका रात्रीत हजारजण नाचून ऐकतात, त्याला स्वतःच्या गाण्यावर एक रुपया दिसायला वर्षभरात हजार क्लिक जमवाव्या लागतात. रस्त्यावरची पावलं कुणी मोजत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये, पोळ्याच्या आदल्या रात्री माझ्या मोबाइलवर एक लिंक आली. गाणं पूर्ण झालं होतं. आजोबांचं नाव आधी, मग त्याचं, आणि या वेळी टोपणनाव नाही, खरं नाव. शेवटचं मिक्सिंग त्याने चाकणच्या खोलीत, पाच जण झोपलेले असताना, हेडफोन लावून केलं होतं. लॅपटॉप विकलेला नाही. हजाराचा आकडा अजून लांब आहे.

आवाजाचा हिशेब

डीजे गाडीचं कौतुक करताना एक गोष्ट टाळून चालणार नाही. हा आवाज प्रत्येकाला हवा असतोच असं नाही, आणि तो निरुपद्रवी तर मुळीच नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलंय. स्पीकरच्या भिंतीपुढे ५५ डेसिबलचं नाव काढलं तर लोक हसतील. पण पोट्ट्याने सांगितलं, त्याच्या उजव्या कानात आता सतत शिट्टी वाजते. तेविसाव्या वर्षी! ज्या कानावर त्याचं सगळं काम उभं आहे, तोच कान तो रोज गाडीमागे गहाण ठेवत होता. नाचायला छाती हलवणारा बेस लागतो, हे मान्य. कान फाडणारे टॉप लागतातच, असं नाही. सेवाग्रामला महिनाभर गाजलेल्या त्या खंजिरीला तर वीजही लागली नव्हती.

आपल्याला शहरात वाटतं, नवं ते आपल्याकडे तयार होतं आणि मग 'तिकडे' जातं. मराठी हाऊसचा पहिला टप्पा तसा गेलाही असेल. पुढचा मात्र उलट दिशेने येईल, असं मला वाटू लागलंय. तो वऱ्हाडी बोलेल, पोळ्याला टोमणे मारेल आणि आजीसकट सगळ्यांना नाचवेल. फक्त तो येईल तेव्हा त्यावर कुणाचं नाव आहे, हे एकदा स्क्रीनवर वाचा. एवढं तर आपण करूच शकतो.

वीकएण्ड फंडा

कसं जाल? मुंबईहून सेवाग्राम एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेस, पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस, उतरायचं वर्ध्याला. विमानाने नागपूर, तिथून साधारण ७५ किलोमीटर. गाडी काढणार असाल तर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो.

काय बघाल? सेवाग्राम आश्रम, संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबाच. धाम नदीकाठचा पवनारचा विनोबांचा आश्रम. गोपुरीतलं गीताई मंदिर, छप्पर नसलेलं, दगडी शिळांवर 'गीताई' कोरलेली. १९३८ चं मगन संग्रहालय, चरख्यांच्या चाहत्यांसाठी खजिना.

कधी? डिसेंबर-जानेवारी सुखाचा. झडत्या ऐकायच्या तर पोळा. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर टोपी, पाणी आणि तांबडी चामडी यांची तयारी ठेवा.

काय खाल? सकाळी तर्री पोहे. आणि येताना गोरस भंडारचा गोरसपाक. एक पुडा ऑफिससाठी, एक स्वतःसाठी. ऑफिसचा पुडा वर्धा स्टेशनवरच संपतो, म्हणून तीन घ्या.

काय ऐकाल? जाताना 'तांबडी चामडी'. येताना, वरातीत जे ऐकाल ते. आणि ते ज्याने केलं त्याला गाठून, त्याचं स्वतःचं गाणं कोणतं, हे नक्की विचारा.